खानदेशातल्या लवंगा : बारावीला नेमलेल्या एका कादंबरीचा प्रकरण अभ्यास

माझं बारावीचं इंग्रजीचं गाईड यंदा धाकट्या भावाच्या टेबलावर आलं. पाठ्यपुस्तक २०२० पासून तेच आहे, म्हणून गाईडही चालून जातं. दिवाळीत घरी गेले तेव्हा तो ज्यूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' या कादंबरीच्या प्रश्नोत्तरांवर, माझ्या पिवळ्या हायलाइटरच्याच वरून, आपला हिरवा फिरवत बसला होता. मध्येच मान वर करून म्हणाला, "ताई, ही औदा नेमकी कुठली?"

"मुंबईची."

"हॅट! लंडनमध्ये आहे ती."

त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या हातात जेवढी कादंबरी होती, तेवढीत नायिका औदा लंडनमध्येच आहे. मलाही बारावीच्या पहिल्या सहामाहीत ती लंडनचीच वाटली होती. नंतर ती मुंबईची कशी निघाली आणि त्या वाटेवर मला काय काय सापडलं, ते सगळं एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा खटाटोप. हा एका विद्यार्थिनीचा, एका कादंबरीपुरता अनुभव आहे. त्यावरून साऱ्या शिक्षणपद्धतीवर निकाल द्यायची माझी पात्रता नाही. इच्छा मात्र अधूनमधून होते.

नेमलेलं काय होतं

राज्य मंडळाच्या इंग्रजी युवकभारतीत अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी असा स्वतंत्र विभाग आहे. बारावीच्या विभागात आधी कादंबरीचा इतिहास येतो. मग तीन कादंबऱ्यांचे उतारे : ब्रेथवेटची 'टू सर, विथ लव्ह', ज्यूल व्हर्नची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि कॉनन डॉइलची 'द साइन ऑफ फोर'. तिन्ही कादंबऱ्या उताऱ्यापुरत्या. त्यावर विचारतात ते म्हणजे कथानक, पात्रं, स्थळकाळ, आशय आणि भाषा.

व्हर्नच्या कादंबरीतून घेतलेला भाग अगदी शेवटचा आहे. फिलिअस फॉग नावाचा घड्याळासारखा चालणारा इंग्रज गृहस्थ ८० दिवसांत पृथ्वीला फेरी मारायची २०,००० पौंडांची पैज लावून निघालेला असतो. तो इंग्लंडला परत पोचतो, फिक्स नावाचा गुप्तहेर त्याला पकडतो, सुटका होईपर्यंत वेळ गेलेली असते. पैज हरली म्हणून तो घरी बसतो. औदा त्याला लग्नाचं विचारते, नोकर पासपार्तू पाद्र्याकडे जातो आणि तिथे कळतं की उद्या सोमवार नाहीच, रविवार आहे. पूर्वेकडे जात राहिल्यामुळे एक अख्खा दिवस हाती लागलेला असतो. मग धावाधाव, आणि अगदी घटका भरताना फॉग क्लबात हजर.

शेवट फार झकास आहे. अडचण एवढीच की आम्ही फक्त शेवटच वाचला.

आमचा वर्ग

आमची बॅच दहावीची परीक्षा न देता पास झालेली. २०२१ साली ती परीक्षाच रद्द झाली होती. अकरावीचा बराचसा काळ मोबाईलच्या पडद्यावर गेला. त्यामुळे २०२२ च्या पावसाळ्यात बारावी सायन्सच्या वर्गात प्रत्यक्ष बसलो तेव्हा एका बाकावर तीनजण ही गोष्टच नवी वाटत होती. सायन्सला इंग्रजी म्हणजे शेवटच्या आठवड्याचा विषय. नीट आणि सीईटीवाल्यांचं तर गणित सरळ होतं : इंग्रजीत पास व्हायचं, बाकीचं डोकं फिजिक्सला ठेवायचं. त्यांना मी नावं ठेवत नाही. मीही त्यांच्यातलीच होते.

सरांनी कादंबरीची सुरुवात करताना फळ्यावर लेखकाचं नाव लिहिलं आणि सांगितलं, "जगप्रसिद्ध कादंबरी आहे, क्लासिक आहे." आम्ही वहीत 'क्लासिक' लिहून घेतलं. मग उतारा दोन तासांत वाचून झाला आणि तिसऱ्या तासाला उत्तरं आली. फॉगच्या स्वभावाचे चार मुद्दे, औदाचे तीन, पासपार्तूचे चार. औदाच्या मुद्द्यांत 'कृतज्ञ' होतं. कशाबद्दल कृतज्ञ, ते एका ओळीत : फॉगने तिला भारतात वाचवलं. कुठे, कशातून, ते आम्हाला कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

विचारलं ते एकानेच. मागच्या बाकावरचा, एरवी इंग्रजीच्या तासाला जर्नलच्या आकृत्या काढणारा मुलगा. त्याने हात वर केला. "सर, हा शेवटी अमेरिकेतून आला ना? तिथं आठवडाभर रेल्वेत होता. तिकिटावर तारीख नव्हती काय? पेपर वाचला नाही? लंडनला येईपर्यंत एक दिवस पुढं आहोत हे कळलंच नाही त्याला?"

वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण असा येत नाही."

सरांवर राग धरण्यासारखं यात काही नव्हतं. ९०-९५ मुलांचा वर्ग, सव्वीस गोष्टी संपवायच्या, त्यात पोरांची वर्गात बसायची सवय गेलेली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात अडकला. मधल्या सुट्टीत त्या मुलाला म्हटलं, "पूर्ण पुस्तकात असेल ना काहीतरी." तो म्हणाला, "मग वाच नं भो, आणि सांग." कादंबरी वाचायला लागायचं माझं कारण एवढं क्षुल्लक होतं. साहित्याची ओढ वगैरे काही नाही. गोष्टीत एक भोक दिसलं होतं, त्यातून पलीकडे डोकावायचं होतं.

निंभोरा ते भुसावळ

मी अपडाऊन करणारी. घर निंभोऱ्याला, कॉलेज भुसावळला. सकाळची पॅसेंजर, बसायला जागा मिळाली तर खिडकी, नाहीतर दारापाशी दप्तर पोटाशी धरून. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद जुना असल्यामुळे मोबाईलवर फुकट मिळाला. रोज अर्धा-पाऊण तास जाताना, तेवढाच येताना. शब्द अडायचे, पण प्रकरणं छोटी आहेत आणि दर प्रकरणाच्या शेवटी काहीतरी लटकत ठेवलेलं असतं. मूळ फ्रेंच कादंबरी १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'ल तां' या पॅरिसच्या दैनिकात रोज थोडी थोडी छापून आली होती, हे नंतर कळलं. तेव्हा लक्षात आलं की मी ती बरोबर तशीच वाचत होते, रोजचा हप्ता.

फॉग मुंबईत उतरतो २० ऑक्टोबरला. पासपार्तू बूट घालूनच मलबार हिलच्या देवळात शिरतो, मार खातो आणि अनवाणी बोरीबंदराकडे पळत सुटतो. रात्री ८ ला गाडी निघते. कल्याण येतं. खंडाळा-पुण्याकडे जाणारा फाटा इथून फुटतो, असं लेखक सांगतो. इथवर ठीक. मग गाडी पनवेलवरून घाटात शिरते आणि रात्रीतून नाशिक मागे टाकते.

मी थांबले. पुन्हा वाचलं. पनवेल?

आजोबा रेल्वेत गार्ड होते. इगतपुरी आणि खंडवा, दोन्हीकडे उभी हयात गेली. संध्याकाळी त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "नासिकला जाता पनवेल कशाला लागीन? कसारा लागीन. कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लावतात, ते ढकलतं वर इगतपुरीपर्यंत. पनवेल राहिलं तिकडं खाली." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "अन् त्या काळी पनवेलला रेल्वे कुठली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटली, दप्तर मांडीवर घेतलं आणि पुढचं पान उघडलं. पासपार्तूला जाग येते. तो बाहेर बघतो, तर आपण हिंदुस्थानात रेल्वेने चाललोय यावर त्याचा विश्वास बसत नाही. गाडी खानदेशातून चाललेली असते. इंग्रज ड्रायव्हर, इंग्रजी कोळसा, आणि इंजिनाचा धूर पसरतोय कापसाच्या, कॉफीच्या, जायफळाच्या, लवंगांच्या आणि मिऱ्यांच्या मळ्यांवर.

मी खिडकीबाहेर बघितलं. केळी. केळीनंतर पुन्हा केळी. मधे कुठे कापूस. ठिबकच्या काळ्या नळ्या, घडांना बांधलेल्या निळ्या पिशव्या. जायफळ आमच्याकडे श्रीखंडात पडतं, तेही किराणा दुकानातून आणलेलं. मी इतक्या मोठ्याने हसले की समोरच्या मावशींनी विचारलं, "काय झालं गं?" त्यांना मराठीत सांगितलं की दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने लिहिलंय, आपल्याकडे लवंगा पिकतात. त्या म्हणाल्या, "पिकत्या तर मी ही पॅसेंजर कशाला धरली असती!"

त्याच परिच्छेदात खानदेशाच्या ओढ्यानाल्यांना त्याने गोदावरीच्या उपनद्या करून टाकलंय. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा सगळ्या तापीला मिळतात, हे आमच्याकडे चौथीतलं पोरगं सांगेल. पुढे मालेगाव येतं, जे या लाईनवर कधीच नव्हतं. आजोबांनी त्यावर फक्त "मनमाड म्हणायचं असंन" म्हणून सोडून दिलं. दुपारी साडेबाराला गाडी बुऱ्हाणपूरला थांबते. तिथे पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो आणि त्या घालून मिरवतो, कारण बूट मलबार हिललाच राहिलेत. मग तापीच्या काठाने थोडं जाऊन गाडी असीरगडकडे लागते. हे मात्र बरोबर. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, हेही त्याने बरोबर दिलंय.

भुसावळचं नाव कुठेच नाही. एवढं मोठं जंक्शन, आणि हा गडी शेजारून निघून गेला. मला ते खरंच लागलं.

व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. पॅरिसला आणि आमियाँला बसून नकाशे आणि प्रवासवर्णनं वाचून त्याने हे रचलं. चुका मग होणारच. काहींवर हसू येतं, काही खुपतात. कालीचे उपासक, ठग, जळत्या चितेकडे ओढून नेली जाणारी विधवा, या सगळ्या सामानाचा त्याने हिंदुस्थानच्या भागात खच पाडलाय. औदाही तिथेच भेटते : मुंबईच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी, पारशी, इंग्रजी शिकलेली. तिचं बुंदेलखंडातल्या म्हाताऱ्या राजाशी जबरदस्तीने लग्न लावलं, तो मेला, आणि आता तिला सती पाठवतायत. पारशी मुलगी सती! हे वाचून मी त्या दिवशी मोबाईल बंद केला. दोन दिवस उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला, कारण तिचं पुढे काय झालं ते बघायचं होतं.

घड्याळ

आता या प्रकरणाचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

खानदेश मागे पडतो, संध्याकाळी सातपुडा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सोबतचा इंग्रज अधिकारी सर फ्रान्सिस क्रॉमर्टी पासपार्तूला वेळ विचारतो. तो खानदानी घड्याळ काढून सांगतो, रात्रीचे ३. बाहेर तर ऊन पडलेलं. क्रॉमर्टी समजावतो की तुझं घड्याळ लंडनच्या वेळेवर आहे, आपण पूर्वेकडे चाललोय, दर रेखांशाला ४ मिनिटं दिवस लवकर उजाडतो, घड्याळ पुढे कर. पासपार्तू हट्टी. माझं घड्याळ बरोबर आहे, सूर्याचं काय ते सूर्य बघेल, अशा थाटात तो काटे हलवायचं नाकारतो.

आठ-दहा ओळींचा प्रसंग आहे. वाचताना तो विनोद म्हणून निघून जातो. पण कादंबरीचा शेवट इथेच पेरलाय. ३६० रेखांश, प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे १४४० मिनिटं, म्हणजे २४ तास. ज्याने हा प्रसंग वाचलाय, त्याला लंडनमध्ये पासपार्तू पाद्र्याकडून धापा टाकत येतो तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो, की अरे, हे तर आपल्याला सांगितलं होतं!

आणि ते कुठे सांगितलं होतं? माझ्या रोजच्या लाईनवर, थोडं पुढे, सातपुडा ओलांडून. मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याला जाणारी कोलकाता मेल आजही तिकडूनच जाते.

पाठ्यपुस्तकात शेवट आहे, त्यात या हिशोबाचं स्पष्टीकरणही आहे. पण सुगावा नाही. म्हणून तो हिशोब आम्हाला उकलला नाही, सांगितला गेला, आणि जे सांगितलं जातं ते पाठ करायचं असतं ही आमची बारा वर्षांची सवय. गाईडमध्ये पन्नासेक शब्दांचं उत्तर तयार होतंच. मी त्यावर पिवळा हायलाइटर फिरवला होता, आणि त्या क्षणी मला त्यातलं काहीही कळलेलं नव्हतं.

एक गंमत वहीत केली. व्हर्न म्हणतो, त्या जागी गाडी लंडनपासून ७७ रेखांश पूर्वेला होती आणि घड्याळ ४ तास मागे होतं. ७७ गुणिले ४ म्हणजे ३०८ मिनिटं, म्हणजे ५ तास ८ मिनिटं. लेखक स्वतःच्याच हिशोबात तासभर चुकलाय. मागच्या बाकावरच्या मुलाला वही दाखवली. त्याने दोनदा गुणाकार करून बघितला आणि आनंदाने माझ्या पाठीत धपाटा घातला.

त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र पूर्ण पुस्तकातही मिळालं नाही. फॉग आपल्या हिशोबाने ३ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो, ११ ला न्यूयॉर्कला पोचतो, पाऊण तासाने बोट हुकते. तिथल्या कॅलेंडरवर तारीख एक दिवस अलीकडची असणार. कोणीच त्याला ती सांगत नाही. गाड्यांची, बोटींची वेळापत्रकं बघणारा हा माणूस तारीख बघत नाही. भोक होतं ते होतंच. व्हर्नने ते वेगाने झाकून नेलंय.

दुसरं एक भोक मला आणखी मोठं वाटतं. खोल्बी नावाच्या खेड्याशी रूळ संपतात आणि तिथून अलाहाबादपर्यंत ५० मैल लाईनच नसते, म्हणून फॉग २,००० पौंडांना हत्ती विकत घेतो. लंडनच्या पेपरांनी लाईन पूर्ण झाल्याचं छापलं ते चुकीचं होतं, असं कादंबरीत आहे. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता रेल्वे ७ मार्च १८७० ला जोडली गेली होती आणि फॉग निघतो ऑक्टोबर १८७२ मध्ये. म्हणजे पेपर खरे, कादंबरी खोटी. पण लाईन पूर्ण दाखवली असती तर हत्ती नाही, हत्ती नाही तर जंगल नाही, जंगल नाही तर औदा नाही. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यानं लाईन ब्लॉक घेतला म्हण की गोष्टीसाठी."

तोंडी परीक्षा

इंग्रजीला ८० गुणांचा पेपर, बाकीचे २० कॉलेजकडे. तोंडी परीक्षेत मी याच विषयावर बोलायचं ठरवलं. पनवेल, लवंगा, गोदावरी, घड्याळ. इंग्रजी अडखळत होतं, पण थांबले नाही, कारण पाठ केलेलं नव्हतं, त्यामुळे विसरायलाही काही नव्हतं. सर ऐकत राहिले. मग त्यांनी मराठीत विचारलं, "पूर्ण वाचलंस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मी सातवीत असताना वाचली होती. मराठीत. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या किती गोष्टी मराठीत आणल्या, आम्ही त्यावरच वाढलो." जरा थांबून म्हणाले, "छान आहे गं. पण पेपरात हे लिहू नकोस. तपासणाऱ्याकडे उत्तरातले मुद्दे असतात, ते शोधतो तो."

मी नाही लिहिलं. पेपरात गाईडचंच उत्तर लिहिलं, पन्नास शब्दांत, मुद्दे सोडून एक शब्द नाही. गुण जेवढे यायचे तेवढे आले. ज्यांनी पूर्ण कादंबरीचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांनाही साधारण तेवढेच आले. माझ्या माहितीत आमच्या वर्गात पूर्ण पुस्तक वाचणारे तिघं.

या प्रकरणात दोष कुणाचा, हे मी पुष्कळदा घोळवलं. उतारे घेणाऱ्यांची अडचण समजते. लाखो मुलांना तीन अख्ख्या कादंबऱ्या नेमल्या तर तिन्हींची गाईडंच खपतील. सरांची अडचण तर मी समोर बघत होते. तरी एक गोष्ट खटकते. 'क्लासिक' म्हणून पुस्तक समोर ठेवलं की मुलं हात जोडून उभी राहतात, त्याच्याशी भांडत नाहीत. माझं वाचन सुरू झालं ते वर्गातल्या त्या आगाऊ प्रश्नामुळे आणि टिकलं ते लवंगांमुळे. व्हर्न जिथे चुकला तिथे मला पुस्तकात शिरायला दार सापडलं, कारण तिथे त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं. सतरा वर्षांच्या मुलीला जगप्रसिद्ध लेखकापेक्षा जास्त माहीत असण्याची संधी रोज मिळत नाही. शेवटचा उतारा लंडनमधला आहे, तिथे आम्हाला असं काहीच माहीत नव्हतं. त्याऐवजी हिंदुस्थानातलं एखादं प्रकरण घेतलं असतं तर निदान कल्याण ते बुऱ्हाणपूर पट्ट्यातल्या पोरांनी तरी तक्रारी केल्या असत्या. तासाला आवाज झाला असता.

'द साइन ऑफ फोर' मी नंतर वाचली. तिच्यातला आग्र्याचा खजिना आणि अंदमानच्या माणसाचं किळसवाणं वर्णन हे वेगळंच भांडण आहे, ते इथे काढत नाही.

पुन्हा दिवाळी

भावाला हे सगळं सांगत बसले नाही. मोबाईलवर ते अकरावं प्रकरण उघडून दिलं आणि फराळाला गेले. परत आले तर तो खानदेशच्या पानापाशी हसत होता. मग घड्याळाच्या पानाशी गप्प झाला. गाईडच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने गुणाकार मांडला : भुसावळचा रेखांश ७५.८, गुणिले ४. ३०३ मिनिटं. ५ तास ३ मिनिटं.

"पण आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं आहोत ना?"

"ती मिर्झापूरची वेळ, साऱ्या देशाला तीच. साडेब्याऐंशी रेखांश."

त्याने वजाबाकी केली. २७ मिनिटं. पेन खाली ठेवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग खिडकीतून उन्हाकडे.

"म्हणजे ताई, आपल्याकडं बारा वाजतात तेव्हा बारा वाजलेलेच नसतात?"